क्लेमकाका

गिरगावातल्या ठाकूरद्वारापासून लालबागच्या भारतमातापर्यंत दर चार-पाच चाळींमागे एक तरी वकील असा सापडतो, ज्याच्याकडे माणसं स्वतःच्या पायांनी जात नाहीत. त्यांना न्यावं लागतं. कोणी खुर्चीत बसून जातं, कोणी मेव्हण्याच्या खांद्यावर हात टाकून, कोणी कठड्याला धरून एकेक पायरी मोजत. आणि जे जाण्याच्या पलीकडे गेलेले असतात, त्यांचा फोटो घेऊन बायको जाते. आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरचे क्लेमकाका ह्याच जमातीतले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मांडीत सळई घातलेल्या पक्षकाराने तीन जिने चढून यायचं, ह्यात क्लेमकाकांना काही वावगं वाटत नाही. "कुठल्या पायरीला कण्हतो ते मला आतून ऐकू येतं," म्हणतात. "डॉक्टरच्या सर्टिफिकेटात कण्हणं येत नाही."

तोंडावर त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात. दारावरच्या पाटीवर नाव आणि खाली 'वकील, उच्च न्यायालय' एवढंच. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा 36 वा नियम असा आहे की वकिलाने जाहिरात करायची नाही, पाटी बेताच्या आकाराची लावायची आणि आपण अमुक प्रकारच्या कामात मुरलेले आहोत असं तिच्यावर लिहायचं नाही. क्लेमकाका हा नियम तंतोतंत पाळतात. फक्त त्यांच्या खिडकीतल्या दोरीवर, काकूंच्या पंच्यांच्या आणि उशांच्या अभ्र्यांच्या रांगेत, चिमट्यांनी लावलेले दोन-चार एक्सरे कायम लटकत असतात. कारण विचाराल तर, उजेड चांगला येतो. गल्लीतून जाणाऱ्याला मान वर केली की कोणाचं तरी मोडलेलं नडगीचं हाड दिसतं, आणि वकील कोण हे विचारावं लागत नाही. चाळीतल्या पोरांना फीमर आणि टिबिया हे शब्द बाराखडीच्या आधी येतात.

त्यांचा भाचा न्यूजर्सीला असतो. तो तिकडच्या हायवेवरच्या होर्डिंगांचे फोटो पाठवतो: दात काढून हसणारा वकील, शेजारी चेपलेली गाडी आणि भलामोठा फोन नंबर. अमेरिकेत 1977 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने वकिलांना जाहिरातीची मुभा दिली. शिवाय तिकडे वकील वसुलीचा तिसरा हिस्सा घेतो तो राजरोस, करार करून. आपल्याकडे निकालावर अवलंबून फी ठरवायला बंदी आहे, आणि क्लेमकाका टक्केवारीवर मॅटर घेत नाहीत. निकालानंतर पार्टी खुशीने जे देते ते घेतात. ही खुशी साधारण किती असावी, ह्याचा अंदाज पार्टीला आधीच आलेला असतो तो कसा, हे मी विचारलेलं नाही. शेजारधर्म म्हणून काही असतो.

ह्या माणसासमोर उभं राहायचं म्हणजे थोडं धैर्य लागतं. आपण बोलत असतो आणि ते आपल्याला मोजत असतात. 2025 पर्यंत चालू असलेल्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्याला एक परिशिष्ट होतं. त्यात शरीराच्या कुठल्या भागाला कमाईची किती टक्के ताकद गेली असं धरायचं, ते ओळीने छापलेलं होतं. अंगठा 30. तर्जनी 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. बोटाचं नुसतं टोक गेलं, हाड शाबूत, तर तर्जनीला 5 आणि करंगळीला 2. पायाचा अंगठा 14. ठार बहिरेपणा पूर्ण 100. हे परिशिष्ट क्लेमकाकांना रामरक्षेसारखं पाठ आहे. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की ह्यांचं लक्ष जिलबीकडे नसतं. "डाव्या हाताच्या बोटाचं टोक गेलंय. किसणीवर नाही, मशीनवर. कोणी क्लेम केला नसणार." आणि जेवण झाल्यावर त्या वाढप्याला कोपऱ्यात घेऊन विचारपूस चालू.

परिशिष्टातली एक ओळ मात्र ते वेगळ्या आवाजात सांगतात. त्यांचे वडील लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मशीनने घेतलं. युनियनने क्लेम लावून दिला. चौदा आणि बारा, सव्वीस टक्के होतील असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. पण परिशिष्टात आणखी एक ओळ होती: एका हाताची दोन बोटं, 20. सुटी घेतली तर सव्वीस, जोडीने घेतली तर वीस. "घाऊक भाव," क्लेमकाका म्हणतात. "त्या सहा टक्क्यांपायी मी वकील झालो." भरपाईतून आईला शिलाई मशीन आलं आणि त्या मशीनवर ह्यांची लॉ कॉलेजची फी शिवली गेली. 1982 चा संप झाला तेव्हा अख्ख्या चाळीचे हात रिकामे झाले. त्याला कुठलंच परिशिष्ट नव्हतं. दहा बोटं शाबूत आणि कमाई शून्य, असा क्लेम कोणापुढे लावायचा ते क्लेमकाकांना अजून सापडलेलं नाही. ते शोधत असतात, हे विशेष.

मोटार अपघाताचं गणित वेगळं. तिथे सगळी मदार गुणकावर. देव्हाऱ्याखालच्या खणात, पंचांगाच्या वर, 2009 सालच्या सरला वर्मा निकालाची झेरॉक्स असते. गेलेल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, पुढे वाढलं असतं त्याचे काही टक्के मिळवायचे, तो स्वतःवर खर्च करत असेल तेवढं वजा करायचं आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. पंचविशीपर्यंत 18, मग 17, 16 असं उतरत जातं. सेहेचाळीस ते पन्नास 13. आणि एक्कावन्नाला एकदम 11. मधला 12 सुप्रीम कोर्टाने ठेवलाच नाही. त्यामुळे चाळीत कोणाचा पन्नासावा वाढदिवस असला की क्लेमकाका पेढा खातात, पाठ थोपटतात आणि म्हणतात, "वर्षभर आहे अजून. सांभाळून." एक्कावन्नाव्याला ते सांत्वनाला यावं तसे येतात.

लग्नाबद्दल त्यांची मतं ह्याच कोष्टकातून आलेली आहेत. अविवाहित माणूस आपली निम्मी मिळकत स्वतःवर उडवतो, असं कायदा धरून चालतो. मागे दोन-तीन माणसं अवलंबून असतील तर तिसरा हिस्सा कापतात, चार ते सहा असतील तर चौथा. दुसऱ्या मजल्यावर एक चौतीस वर्षांचा मुलगा आहे, खाजगी नोकरी, पगार 20 हजार, लग्नाचं नाव काढत नाही. त्याची आई रडकुंडीला आलेली. एका रविवारी क्लेमकाकांनी त्याला बसवून पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. वर्षाचे 2 लाख 40 हजार, त्यावर 40 टक्के भविष्यातली वाढ, झाले 3 लाख 36 हजार. आज ट्रकखाली गेलास तर निम्मे कापून सोळाने गुणायचं: 26 लाख 88 हजार. बायको, एक मूल आणि आई असेल तर 35 लाख 84 हजार. दुसरं मूल झालं की 40 लाख 32 हजार. "म्हणजे दुसऱ्या मुलाचेच 4 लाख 48 हजार झाले," असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मुलाने विचारलं, "आणि बाबा? त्यांना का नाही धरलं?" तर म्हणाले, "बाप सहसा अवलंबून धरत नाहीत. त्याचं त्याने बघायचं असतं." मुलाने अजून लग्न केलेलं नाही. मात्र रस्ता ओलांडताना तो आता दोन्हीकडे बघतो, असं त्याची आई सांगते.

रेल्वेचा विषय निघाला की क्लेमकाकांचं बोलणं नवख्या माणसाला झेपत नाही. करी रोडच्या पुलावर उभं राहून ते कॉलेजच्या पोरांना सांगतात, "एक लक्षात ठेवा. गाडीतून पडलात तर आठ लाख. रूळ ओलांडताना गेलात तर शून्य. आणि वाचलात तर उलट तुमच्यावरच केस." ह्यात एक अक्षर खोटं नाही. रेल्वे कायद्यात 124-अ हे कलम 1994 साली आलं. चालत्या गाडीतून पडणं ही 'अनपेक्षित दुर्घटना', तिच्यात रेल्वेची चूक होती का हे बघायचंच नाही. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे चढताना पडलेल्यालाही लागू केलं. मृत्यूची रक्कम 2017 च्या 1 जानेवारीपासून चाराची आठ लाख झाली. मग रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये भांडण उरतं ते एवढंच की माणूस पडला, की ओलांडत होता, आणि खिशात तिकीट होतं का. पूर्वी पास सापडायचा, रक्ताने माखलेला का होईना. आता तिकीट मोबाइलमध्ये, आणि मोबाइलचा चुरा. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून क्लेम फेटाळता येत नाही, असं 2018 साली सुप्रीम कोर्ट म्हणालं तेव्हा क्लेमकाकांनी लालबागच्या चिवडा गल्लीतून दोन किलो चिवडा आणून मजल्यावर वाटला. कशाचा म्हणून विचारलं, तर "रीनादेवीचा" म्हणाले. अर्ध्या लोकांना वाटलं, ह्यांना नात झाली.

पोलिसांच्या कागदांवर मात्र त्यांचा जीव जडलेला. फिर्यादीतला चालक वाहन नेहमी 'रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात' चालवत असतो. बेस्टची बस गणपतीच्या गर्दीत माणसाच्या चालीने सरकत असली तरी कागदावर भरधावच. "एवढ्या गर्दीत भरधाव कशी, असा प्रश्न समोरचा वकील विचारतो," क्लेमकाका सांगतात, "आणि मी उठून म्हणतो, हयगय आणि अविचार तर शिल्लक आहेत ना?" पंचनाम्यातला ब्रेक घासल्याचा डाग किती फुटांचा, ह्यावर त्यांनी दोन दोन तारखा काढलेल्या आहेत. पंच बहुतेक वेळा जवळचा पानवाला असतो. त्याने डाग पाहिलेला नसतो, सही मात्र त्याची खरी असते.

पक्षकार नसले, की संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून ते कायद्याच्या गोष्टी सांगतात. त्यातली गोगलगायीची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता मी दुरुस्त्या सुचवू शकेन. 1928 च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडातल्या पेझली गावी मे डोनोह्यू नावाच्या बाई जिंजर बीअर प्यायला बसल्या. अर्धी बाटली पोटात गेली आणि उरलेली ओततात तर आतून कुजलेली गोगलगाय. गोगलगाय आणि पोटात पाय, असं आपण नुसतं म्हणतो. तिकडे गोगलगायच पोटात जायची वेळ आली. बाटली विकत घेतली होती मैत्रिणीने, त्यामुळे दुकानदाराशी करार नाही. कारखानदाराचा तर संबंधच नाही. तरीही 1932 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, संबंध आहे. आपल्या हयगयीने ज्याला इजा होईल असं आधी दिसतं, तो कायद्याने आपला शेजारी. लॉर्ड ॲटकिनने त्यावर 'शेजारी म्हणजे कोण' असा प्रश्न उभा करून पानंच्या पानं लिहिली. "चाळीत राहिला असता तर अर्ध्या पानात उरकलं असतं," हे क्लेमकाकांचं त्यावरचं भाष्य. पण त्यांना खरा आनंद होतो तो शेवट सांगताना. ती गोगलगाय बाटलीत खरंच होती का, हे कधी सिद्ध झालंच नाही. पुरावा तपासायची वेळ येण्याआधी तडजोड झाली. "बघा! जगभरातल्या भरपाईच्या कायद्याचा पाया, आणि मुद्देमालाचा पत्ता नाही. आणि इथे माझ्या क्लायंटच्या रिक्षाच्या बिलावर ह्यांना रबरी शिक्का पाहिजे."

त्यांना कोर्टात प्रत्यक्ष पाहिलं ते एका ढोलकीवाल्याच्या मॅटरमध्ये. आमच्याच गल्लीतल्या बेंजो पार्टीतला मुलगा. परळ नाक्यावर टेम्पोने उडवलं, केईएममध्ये दोन ऑपरेशनं झाली आणि उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली. परिशिष्टाप्रमाणे 11 टक्के. इन्शुरन्सचे वकील तेवढ्यावर अडून बसले. हे वकील आणि क्लेमकाका रोज दुपारी एकाच डब्यातलं खातात, पण अडीचनंतर ओळख दाखवत नाहीत. क्लेमकाकांनी 1975 सालच्या निकालातला सुतार काढला. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता, आणि एका हाताचा सुतार म्हणजे सुतारच नव्हे असं म्हणून सुप्रीम कोर्टाने नुकसान शंभर टक्के धरलं होतं. मग 2010 चा राजकुमारचा निकाल: शरीर किती गेलं ते बघू नका, त्या माणसाची कमाई किती गेली ते बघा. हात गेला तर कारकुनाची नोकरी टिकेल, ड्रायव्हरची टिकणार नाही.

उलटतपासणीत समोरच्यांनी मऊ आवाजात विचारलं, "उरलेल्या नऊ बोटांनी ढोलकी वाजवता येते ना तुम्हाला?"

मुलगा म्हणाला, "वाजवता येते, साहेब. वाजत नाही."

क्लेमकाका झटकन उभे राहिले आणि उत्तर साक्षीदाराच्या शब्दांत, मराठीतच टिपून घ्यावं अशी विनंती केली. टायपिस्ट बाई थांबल्या, कोर्टाने चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं आणि ते वाक्य तसंच्या तसं उतरलं. ह्या कामाला वकिली का म्हणतात ते मला त्या एका विनंतीत कळलं. बाकीचा सगळा वेळ झेरॉक्स कुठली, पान नंबर किती, ह्यातच गेला. अकराचे पंचवीस टक्के झाले. बाहेर आल्यावर क्लेमकाकांनी मुलाला पहिली गोष्ट सांगितली ती ही की अपिलाची मुदत संपेपर्यंत मंडळात ढोलकीच्या आसपास फिरकू नकोस, मोबाइलवर कोणीतरी व्हिडिओ काढतं.

सगळेच असे समोर उत्तर देणारे नसतात. मालवणकडची एक म्हातारी दोन वर्षं त्यांच्याकडे येत होती. एकुलता मुलगा हिंदमाताजवळ डंपरखाली गेला. तडजोडीच्या दिवशी क्लेमकाका तिला एकेक रक्कम समजावत होते. उत्पन्नाचे इतके, अंत्यविधीचे इतके, आणि सहवासाच्या हानीचे. ही शेवटची रक्कम 2017 साली 40 हजार ठरली आणि दर तीन वर्षांनी तिच्यात 10 टक्के वाढ होते, म्हणजे वियोगालाही महागाई भत्ता आहे. 2023 नंतरच्या हिशोबाने 48 हजार 400. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माका पैशे नको, वकिलानू. माका माझो झील होयो." क्लेमकाका एरवी तिला मराठीत समजावत असत. त्या दिवशी म्हणाले, "आये, ता कोर्टाच्या हातात नाय," आणि तिचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला. रक्कम बहुतेक फिक्स डिपॉझिटमध्ये गेली. मधूनच औषधाला काढायची तर ट्रायब्युनलकडे अर्ज करावा लागतो. तो अर्ज क्लेमकाका करतात आणि त्यावर चिकटवायचा स्टॅम्प स्वतःच्या पाकिटातून काढतात. हे कोणाला सांगितलेलं त्यांना खपत नाही. धंद्यात बदनामी होते.

गेल्या वर्षापासून त्यांना नवीन वेड लागलं आहे. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने माणूस गेला तर वारसांना 6 लाख, आणि जखमी झाला तर 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. तेव्हापासून क्लेमकाका सकाळी फूटपट्टी घेऊन फिरायला जातात. लांबी, रुंदी, खोली; पावसाचं पाणी असेल तर काठी बुडवून. चाळीच्या तोंडाशीच एक उत्तम खड्डा होता. महापालिकेची माणसं तो बुजवायला आली, तेव्हा हे गॅलरीतून ओरडले, "हात लावू नका, माप व्हायचंय!" माणसं बिचारी खडी घेऊन परत गेली. आठवड्याने त्याच खड्ड्यात काकूंचा पाय मुरगळला.

एक्सरेत हाडाला बारीक तडा. काकूंनी पहिलं काम केलं ते म्हणजे खिडकीतल्या दोरीवरचे बाकीचे सगळे एक्सरे काढून स्वतःचा मधोमध लावला. दुसरं काम, वकालतनामा गिरगावच्या दुसऱ्या एका वकिलाच्या नावाने केला. क्लेमकाका म्हणाले, "अगं, घरात वकील असताना?" त्या म्हणाल्या, "खड्डा राखून ठेवला कोणी? तुम्ही तर सामनेवाले."

मग उत्पन्नाचा मुद्दा निघाला. गृहिणीच्या कामाला कोर्ट किंमत देतं हे काकूंना माहीत होतं. गॅलरीतली वर्षानुवर्षांची व्याख्यानं त्यांनी भाजी निवडता निवडता ऐकलेली. 2021 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने जनगणनेचे आकडे दिले होते: घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या बाया जवळपास 16 कोटी, पुरुष 58 लाखांच्या आत. त्या 58 लाखांत आपल्या घरातला एकही नाही, एवढं काकूंनी आधी स्पष्ट करून घेतलं. क्लेमकाका चाचरत म्हणाले, की मूळ दाखला 2001 सालच्या लता वाधवा खटल्याचा. त्यात गृहिणीच्या कामाचे धरलेत महिना तीन हजार.

काकूंनी पट्टी बांधलेला पाय स्टुलावर नीट ठेवला आणि म्हणाल्या, "तीन हजारांत तुमच्या पक्षकारांचा नुसता चहा होतो. साखर वेगळी."